एका माणसापुरती नाव

सावळदऱ्याच्या नथमल कापडवाल्यानं एका चैत्रात मनाशी ठरवलं, की आपल्याला एक नाव पाहिजे. एका माणसापुरती, वजनानं हलकी, डोक्यावर घेऊन नदीपर्यंत नेता येईल अशी. (नथमलला पोहता येत नव्हतं. पण ठरवण्यासाठी पोहता यावं लागत नाही.) त्या नावेत बसायचं, पैनगंगेच्या पाण्यावरून कोस-दोन कोस खाली जायचं, एखाद्या बेटावर राहुटी ठोकायची, आपल्या हातानं खिचडी शिजवायची, दोन दिवस मुक्काम करायचा आणि परत यायचं. प्रवाहाच्या उलट परत कसं यायचं याचा विचार त्यानं केला नव्हता. परत येण्याचा भाग त्याच्या मनात पहिल्यापासूनच जरा अंधुक होता.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका क्याटलॉगमुळे. मुंबईहून कापडाचे गठ्ठे येत, त्यांच्यासोबत कधीमधी असली पुस्तकंही येत. हे पुस्तक दौऱ्यावर जाणाऱ्या साहेब लोकांसाठी होतं. राहुट्या, घडीच्या खाटा, कंदील वगैरे. अकराव्या पानावर एक चित्र होतं. नदी, नदीत चिमुकली नाव, नावेत हॅट घातलेला एक साहेब, त्याच्या हातात वल्हं, मागे काठावर राहुटी. आणखी कुणी नाही. साहेब कुणाकडे बघत नव्हता आणि साहेबाकडे बघायला कुणी नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नथमल ते पान उघडून बसे. (दुपारी गिऱ्हाईक नसेच.)

खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. एकुलती एक मुलगी राजमती दोन वर्षांपूर्वी कारंज्याला नांदायला गेली आणि मागे घरात नथमल आणि त्याची बायको पानाबाई अशी दोघंच उरली. जैनाचं घर, त्यामुळे जेवणं सूर्य बुडायच्या आत. जेवणं झाली की झोपेपर्यंत चांगले तीन तास मोकळे. मुलगी होती तेव्हा या तीन तासांत काय होत असे, ते दोघांनाही आठवेना. पानाबाई वाती वळत बसे. मध्येच म्हणे, "आज उकडून राह्यलं." नथमल म्हणे, "हं." मग बऱ्याच वेळानं नथमल म्हणे, "उद्या केनवडचा बाजार." पानाबाई म्हणे, "हो ना." भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा काहीतरी विषय लागतो. घरात दुसरं माणूस असावं आणि त्याच्याशी बोलायला काही नसावं, हे नथमलला दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. त्यापेक्षा नदीवर एकटं बसून न बोलणं सोपं, असं त्याला वाटू लागलं.

त्यानं शाळेच्या मास्तरांकडून मुंबईच्या त्या दुकानाला इंग्रजीत पत्र लिहवून घेतलं. अकराव्या पानावरची नाव पाठवा, वजन किती ते कळवा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत सांगितलं, की नाव विकायला नाही. चित्र राहुटीचं आहे, नाव नुसती शोभेला काढलेली आहे. राहुट्या किती पाठवायच्या, असं मात्र त्यांनी विचारलं होतं. नथमलनं राहुटी मागवली नाही. नावेशिवाय राहुटी घेऊन तो बसणार कुठं, दुकानात?

मग त्यानं गावातच शोध सुरू केला. नदीच्या उतारावर तुळसाबाई भोईण डोंगा चालवत असे. तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड आणि पलीकडे निजामाची मोगलाई होती. नवरा गेल्यापासून ही बाई एकटी दिवसातून आठ वेळा या राज्यातली माणसं त्या राज्यात नेऊन सोडत होती. तिचा डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेला. तो पाण्यात ढकलायला सहा माणसं लागत. नथमलनं तिला विचारलं, असाच एखादा लहान, हलका मिळेल का. ती म्हणाली, किती माणसं बसायची? नथमल म्हणाला, एक. तुळसाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकटं कोनी जात नाही शेठ नदीनं," ती म्हणाली. "एकटं जाते ते मढं. त्याले वल्हं नाही लागत."

हे बोलणं नथमलच्या मनाला लागलं. आधीच तो उदास माणूस, त्याला असलं काही सांगायला नको होतं. पण नावेचा हेका त्यानं सोडला नाही.

पुरात माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईत, बसून नदी ओलांडतात, हे त्यानं ऐकलं होतं. केनवडच्या एका गुऱ्हाळवाल्याकडे जुनी काहील पडून होती, ती त्यानं बैलगाडीत घालून आणली. (हलकी ही अट इथं सुटली. एका माणसापुरती ही अट टिकली.) नदीकाठी उतरवल्यावर पाहतो तो काहिलीच्या बुडाला मागल्या हंगामाची काकवी चिकटलेली आणि तिच्यावर हजारो मुंग्या. आता दुसऱ्या कुणी काहील सरळ पाण्यात ढकलली असती. पण इतके जीव आपल्या हातानं बुडवायचे, हे नथमलकडून होणं नव्हतं. त्यानं दुकानातला धूळ झटकायचा मोरपिसांचा कुंचा आणला आणि सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात उकिडवं बसून एकेक मुंगी हळुवार बाहेर काढली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हे पाहिलं. नथमल शेठ हातात मोरपिसं घेऊन मुंग्यांना वाट करून देत होता, आणि त्याच्या तोंडावर अशी कळा होती की कुणाची विचारायची छाती झाली नाही.

दुपारी तो काहिलीत बसला आणि वल्हं मारलं. काहिलीनं गिरकी घेतली. दुसऱ्या बाजूनं मारलं, तिनं उलटी गिरकी घेतली. काहिलीला पुढं आणि मागं असा भेद नसतो, हे त्याला पाण्यात गेल्यावर समजलं. देऊळ, म्हैस, धुणं घेऊन आलेली पानाबाई. देऊळ, म्हैस, पानाबाई. असा तो डोहात फिरत राहिला. शेवटी तुळसाबाईनं बांबूनं ओढून त्याला काठाला लावलं. पानाबाई धुणं आटोपून घरी गेली. संध्याकाळी वाती वळताना एवढंच म्हणाली, "भोवळ आली असंन." नथमल म्हणाला, "हं."

असा तो शेवटी गफ्फारकडे गेला. गफ्फार गावचा पत्रेवाला. बादल्या, धान्याच्या कोठ्या आणि लग्नातल्या पेट्या ही त्याची कामं. सावळदऱ्याची एकही मुलगी गफ्फारच्या पेटीशिवाय सासरी गेली नव्हती. राजमतीची पेटीही त्याचीच. नथमलनं चित्र दाखवलं. गफ्फारनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा लावू, सांध्यांना कथील वितळवून चांगला डाख देऊ, एका हातानं उचलाल. त्यानं नथमलला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि दोरीनं चारी बाजूंनी मोजलं.

"बाईसायेब कुठं बसतीन?" त्यानं विचारलं.

"एकट्याचीच पायजे."

गफ्फारनं दोरी खाली ठेवली. इतक्या पेट्या केल्या, पण एकाच माणसाला आत बसवून पाठवायची वस्तू त्यानं कधी केली नव्हती. मग नथमलनं दबकत आणखी सामान सांगितलं. एक लहान तोटीचं भांडं, पाण्यासाठी. एका माणसाची खिचडी होईल एवढी डबी. आणि हे कुणाजवळ बोलायचं नाही.

गफ्फार कुणाजवळ बोलला नाही, फक्त लतीफाजवळ, आणि ती त्याची बायकोच. लतीफा फक्त विहिरीवर बोलली. विहिरीवर बायकांनी हिशेब जुळवला. शेठ एकट्यानं जायची तयारी करून राह्यले. हातात मोरपिसं. मुंगीलासुद्धा जपतात. तोटीचं भांडं. संसारातलं कुणी बरोबर नको. दोन वर्षांपासून बायकोशी बोलणं बंद. मुलगी उजवली, जबाबदारी संपली. याचा अर्थ गावातल्या जैनालाच काय, गुराख्यालाही कळत होता. मोरपिसांची पिंछी आणि तोटीचा कमंडलू, मुनींजवळ एवढंच सामान असतं. नथमल शेठ दीक्षा घेणार होते, घरदार सोडून मुनी होणार होते. नावेचं काय, असं एकीनं विचारलं, कारण मुनी तर पायी चालतात. दुसरी म्हणाली, नाव नदीपर्यंत, मग पाय आहेतच.

श्रावणाच्या मध्यावर नाव तयार झाली. खरोखर हलकी होती. दोन्ही टोकं निमुळती, आतून निळा रंग, बाहेरून लाल, बाजूला गुलाबाचं फूल. हाताला सवय असल्यामुळे गफ्फारनं दोन बाजूंना कड्या लावल्या होत्या आणि पुढच्या टोकाला कुलपाचा कोयंडा. नावेला कुलूप कशाला, असं नथमलनं विचारलं. गफ्फार म्हणाला, "चोरी झाली तं?" नथमलनं ती डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घरी आणली. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, नावेला केला.

चौथ्या दिवशी शिरपूर या जैन तीर्थाहून चार श्रावक मंडळी आली. नथमलला आधी गिऱ्हाईक वाटलं, म्हणून त्यानं धोतरजोड्या काढल्या. त्यातले सर्वांत वृद्ध गृहस्थ गहिवरून म्हणाले, की आता कसल्या धोतरजोड्या, आपण तर वस्त्राचाही मोह सोडायला निघालात. नथमलच्या हातातली जोडी तशीच राहिली. पुढचा अर्धा तास ती मंडळी बोलत होती आणि नथमलला एकेक गोष्ट उलगडत होती. आपण सांगावं, की बाबांनो, मला नुसतं नदीवर बसून खिचडी खायची आहे, असं त्याच्या ओठांवर दोनदा आलं. पण चार थोर माणसं डोळे पुसत असताना खिचडीचं नाव काढणं त्याला जमेना. शेवटी तो चाचरत म्हणाला, "माहा इचार तं दोनच दिवसांचा होता."

"सुरुवात दोन दिवसांनीच होते," वृद्ध म्हणाले.

आता एकच गोष्ट राहिली होती. घर सोडणाऱ्याला बायकोची अनुमती लागते. मंडळी दुकानातून मागच्या घरात आली आणि पानाबाईला उंबऱ्याशी बोलावलं. ती पदर सारखा करून उभी राहिली. तिला सगळं विहिरीवर आधीच कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नथमल खाली बघत होता. इथं त्याच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. ही आता रडेल, आडवी पडेल, माझ्या संसाराचं काय म्हणेल, याची तो वाट बघत होता. नुसती वाट बघत नव्हता, त्याला ते हवं होतं.

"माही काही ना नाही," पानाबाई म्हणाली. "जाऊ द्या त्याईले." आणि मंडळींसाठी पाणी गाळायला आत गेली.

मंडळींनी धन्य धन्य म्हटलं. नथमल खांबाला टेकून उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा संसार तिनं सात शब्दांत हातावेगळा केला होता. त्यानं हातातल्या धोतरजोडीनं डोळे पुसले, आणि त्या मंडळींना वाटलं, वैराग्य दाटून आलं.

मंडळी गेल्यावर जेवणं झाली. सूर्य बुडाला. तीन तास सुरू झाले. नथमलनं धीर करून सांगितलं, की हे सगळं चुकीचं आहे, मी दीक्षा घेत नाही.

पानाबाईचा हात वातीवर थांबला. "मंग नाव कायले केली?"

"असंच. दोन दिवस नदीवर राहून याव म्हटलं."

"एकट्यानं?"

"हं."

तिनं हातातली वात खाली ठेवली. नथमलला वाटलं, सुटलो. माणूस घरात राहणार म्हटल्यावर बायको खूशच होईल, असा त्याचा हिशेब होता.

"देवासाठी चालले असते तं मी मान वर करून राह्यली असती," पानाबाई म्हणाली. "काळजावर दगड ठेवून हो म्हटलं मी आज. तुमी तं नुसते मले कंटाळून चालले होते. अन् त्याच्यासाठी गावच्या पेटीवाल्याकून नाव बनवली, तेबी माह्यासाठी जागा न ठेवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुळसाबाईच्या डोंग्यात बसून पलीकडे माहेरी गेली. तिचं माहेर मोगलाईतलं, नदीपासून हाकेच्या अंतरावर, भाऊ केशरीचंद याचं घर. शेजारणींना तिनं पोळ्यापर्यंत येते असं सांगितलं. नथमलला सांगितलं, "पीठ कोठीत आहे." कधी येते, ते सांगितलं नाही.

नथमलनं शिरपूरला निरोप पाठवला, की अजून मन पक्कं नाही. मंडळींनी कळवलं, घाई नाही.

आणि मग त्याला हवं होतं ते घडलं. तो एकटा झाला. दुकान बंद केलं की घरात कुणी नाही. आपल्या हातानं खिचडी. ती खालून करपे आणि वरून कच्ची राही. जेवण झालं की तीन तास. पहिल्या दिवशी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं क्याटलॉग उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी तो मोठ्यानं म्हणाला, "आज उकडून राह्यलं," आणि आपल्याच आवाजाला दचकला. पानाबाई ते वाक्य रोज बोलत होती, तेव्हा ते काही उकाड्याबद्दल नव्हतं, हे त्याला पहिल्यांदा उमगलं. त्यानं त्याच्यावर दोन वर्षं नुसतं "हं" म्हटलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या आठवड्यात नथमल पत्र्याच्या नावेकडे पाहून दोनदा रडला, आणि नावेवर रंगवलेल्या गुलाबाच्या फुलामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

पोळा आला आणि गेला. पानाबाई आली नाही. कारण पोळ्याच्या आधी दोन दिवस पैनगंगेला पूर आला आणि वाहत आलेल्या एका झाडानं तुळसाबाईचा डोंगा मधोमध फोडला. पाणी ओसरू लागलं तरी येणं-जाणं बंद. सावळदऱ्यात आता एकच नाव उरली होती.

पुराला पाच दिवस झाल्यावर नथमलनं ती डोक्यावर घेतली. सगळं गाव काठावर जमलं. गफ्फारनं शेवटचा डाख तपासला आणि पाणी आलंच आत तर भांड्यानं उपसा, असं सांगितलं. तुळसाबाईनं त्याला वल्हं कसं धरायचं ते दाखवलं, आणि गंभीर चेहऱ्यानं बाजूला झाली. नथमल नावेत बसला. गफ्फारनं माप इतकं नेमकं घेतलं होतं, की मांडी घातल्यावर त्याला हलता येईना. णमोकार मंत्र म्हणत त्यानं काठ सोडला.

समोर जायचं होतं. नाव मात्र वाकड्या वाटेनं, बाभळींना घासत अर्धा कोस खाली गेली. नथमलनं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे बराचसा प्रवास त्यानं पाहिलाच नाही. डोळे उघडले तेव्हा तो पलीकडच्या चिखलात रुतला होता आणि समोर निजामाच्या जकात नाक्याचा शिपाई जब्बार उभा होता.

जब्बारनं नाव पाहिली. कड्या पाहिल्या, कोयंडा पाहिला, फूल पाहिलं. नवीकोरी पेटी, परमुलखातून आणलेली, म्हणजे हा माल झाला. "आत काय माल आहे?" त्यानं विचारलं.

"मीच," नथमल म्हणाला. त्याला मांडी सोडता येत नव्हती. जब्बारनं त्याला काखेत हात घालून उपसलं, आत खरंच काही नाही हे पाहिलं, आणि इतका ओला व्यापारी आपण पाहिला नाही म्हणून त्याला सोडून दिलं.

केशरीचंदाच्या घरी चौदा माणसं होती आणि चौदाही बोलत. ओल्या जावयाला पाहून सगळी एकदम बोलली. पानाबाई ओसरीवर डाळ निवडत होती. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा डाळीकडे पाहिलं. नथमलनं वाटेत बरंच घोकून ठेवलं होतं, ते सगळं नदीत राहिलं होतं. चौदा माणसांसमोर तो तिच्या पुढ्यात खाली बसला.

"पंधरा दिवस एकटा होतो घरी," तो म्हणाला. "जे पायजे होतं ते भेटलं. मले ते नाही पायजे. तुह्याशिवाय गमत नाही मले. घरी चाल."

चौदा माणसं गप्प झाली. (केशरीचंदाच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.)

"मी दोन वर्सापासून एकटीच आहो तिथं," पानाबाई म्हणाली. "तुमाले पंधरा दिसात समजलं." मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "घर कोनाच्या भरोशावर टाकून आले?"

"कुलूप लावलं."

"अन् गाय?"

गाय नथमलला आठवलीच नव्हती. गाय गोठ्यात बांधलेली होती आणि गोठ्याला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या कनवटीला होती.

पानाबाईनं किल्ली मागून घेतली आणि पदर खोचून ती नदीकडे निघाली. मागे नथमल, त्याच्यामागे केशरीचंद आणि बाकी तेरा. नावेपाशी आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की नावेत एकच माणूस बसतं. हे नथमललाही तेव्हाच लक्षात आलं. बायकोला आणायला तो एका माणसापुरती नाव घेऊन आला होता. येताना त्यानं नदीचा विचार केला, पुराचा केला, मरणाचासुद्धा केला. जाताना दोघं कशी जाणार, एवढाच करायचा राहिला होता.

पानाबाई नदीकाठची मुलगी. वल्हं तिनं लहानपणीच हाती धरलेलं. ती नावेत बसली, दोन हात मारले आणि नाव सरळ, एखाद्या शहाण्या बैलासारखी पलीकडे निघाली. "गाय सोडते," ती म्हणाली, "मंग पाहू."

मग काय पाहायचं, यावर केशरीचंदाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी खल होऊ लागला. नाव परत पाठवायची तर ती घेऊन कुणीतरी यायला हवं. जो येईल तो इकडे अडकेल. मग त्याला न्यायला दुसरा येणार, तो अडकणार. असं करत करत अख्खं सावळदरं मोगलाईत येऊन बसेल, असं केशरीचंदाचं म्हणणं पडलं. केशरीचंद मोठा बोलका माणूस. स्वतःच्या पोटाच्या तक्रारी तो जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर सांगे. जावयाला नव्या नवरीसारखं कोपऱ्यात बसवून चौदा माणसं त्याच्याशी बोलत आणि नथमलला "हं" म्हणायलाही सवड मिळेना. कुणाला न सांगता तो दुपारी नदीकाठी येऊन बसे आणि पाण्याकडे पाही. पाणी गढूळ होतं, मोठं होतं, त्याच्या हिशेबी अथांग होतं. पलीकडे आपलं घर आहे, त्यात आपली बायको आहे आणि आपल्याला ती बोलवत नाही, या विचारानं त्याचं मन कासावीस होई. तिनं निरोपसुद्धा पाठवला नव्हता. ती सुटली असेल, असंही त्याला वाटे, आणि मग तो आणखी खाली मान घाले.

बाराव्या दिवशी पलीकडून लाल नाव निघाली. आत पानाबाई होती. नदीच्या मध्यावर येऊन नाव थांबली, जराशी डुलली, पुढं सरकेना. नथमल उभा राहिला. बुडते की काय, असं त्याला वाटलं. तो ओरडणार, एवढ्यात पानाबाई नावेतून खाली उतरली, लुगडं जरा वर खोचलं आणि वाळूत रुतलेली नाव सोडवू लागली. भर नदीत ती उभी होती आणि पाणी तिच्या गुडघ्याला होतं.

नथमल तसाच उभा राहिला. मागून जब्बार म्हणाला, "पुरानं इथं वाळू आणून टाकली शेठ. चार दिवसांपासून म्हशी पायी जाऊन राह्यल्या. मले वाटलं तुमाले सासरच आवडलं."

नथमलनं धोतर वर घेतलं आणि तो पाण्यात उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या पायांनी पैनगंगेत चालत होता. मध्यावर आल्यावर त्याला धाप लागली होती.

"पाणी उतरलं हे सांगितलं काहून नाही?" तो म्हणाला. "एक निरोप पाठवला असता तं पहिल्याच दिवशी आलो असतो."

"मी चार दिवसांपासून रोज तिकडे झाडाखाली येऊन पाहत होती," पानाबाई म्हणाली. "म्हटलं, पाण्यात एक पाय टाकून तं पाहतीन. बोलावून आलेला माणूस मले नव्हता पायजे." तिनं नाव आणखी एक हात रेटली. "मंग आज म्हटलं, याईचं काही खरं नाही. आपणच जाव."

गप्प राहायचं नाही, एवढं नथमल शिकला होता. म्हणून तो बोलत सुटला. गायीबद्दल विचारलं, करपलेल्या खिचडीबद्दल सांगितलं, केशरीचंदाच्या पोटाबद्दल सगळं सांगितलं, तू नाही म्हणशील याची किती वाट पाहिली तेही सांगून टाकलं. पानाबाई ऐकत ऐकत पुन्हा नावेत जाऊन बसली होती. पायाला चिखल लागतो म्हणाली. नथमल मागून, बाजूच्या कडीला धरून, गुडघाभर पाण्यातून नाव ढकलत होता. काठावर गफ्फार, लतीफा, तुळसाबाई आणि अर्ध्याहून जास्त गाव येऊन थांबलं होतं.

बराच वेळ झाल्यावर पानाबाईनं नावेच्या निळ्या रंगावरून हात फिरवला आणि मागे वळून न बघता म्हणाली, "नाव मात्र चांगली केली हो तुमी. एका माणसाले आरामात होते."